बाहुलीचे कपडे शिवायचेत? आधी कापडाची जाडी बघा

बाहुलीचा फ्रॉक म्हणजे आपलाच फ्रॉक पण लहान, असं समजून मी शिवायला बसले आणि पहिलाच फ्रॉक पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहिला, कारण बाहुली लहान असली तरी कापडाची जाडी थोडीच लहान होते. बार्बी साधारण २९ सेंमी उंच, म्हणजे माणसाच्या जवळपास सहावा हिस्सा, तिला जीन्सचं कापड घातलं की गादी गुंडाळल्यासारखं दिसतं. मलमल, व्हॉइल किंवा धुऊन धुऊन मऊ झालेला रुमाल घ्या, प्रिंट बारीकच हवी.

पॅटर्नसाठी बाहुलीला प्लास्टिक रॅप गुंडाळा, वरून मास्किंग टेप लावा, पेनाने गळा, मुंढा (बाही जिथे जोडतात तो गोल), कुशीची (बगलेपासून खाली जाणारी) रेघ काढा आणि कापून सपाट करा. कडेने ५-६ मिमी शिवणीसाठी सोडा. टाका दीड ते दोन मिमीचा ठेवा, आणि मशीन कापडाचं टोक आत ओढायला लागलं (लागतंच!) तर खाली टिश्यू पेपर ठेवून टीप मारा, नंतर फाडून टाका.

बाही आधी तयार करून मग मुंढ्याला जोडायच्या भानगडीत पडूच नका, एवढ्याशा गोलात सुईसुद्धा वळत नाही. कापड सपाट असतानाच बाही जोडा, मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एका टिपेत शिवा. पाठ पूर्ण उघडी ठेवून टिचबटणं लावा, वेलक्रोत केस अडकतात आणि लोकरीचे धागेही निघतात.

विणायचं असेल तर २ मिमीच्या सुया आणि एकदम बारीक लोकर. नमुन्याचा छोटा चौकोनी तुकडा विणून टाके मोजल्याशिवाय स्वेटरचे टाके घालू नका, खरंच. समजा नमुन्यात १० सेंमीला ३२ टाके बसले आणि छाती १३ सेंमी आहे, तर १ सेंमी सैल धरून १४ चे ४५ टाके होतात. इथे चार टाके चुकले तर सव्वा सेंमीचा फरक, बाहुलीच्या अंगावर तो लगेच दिसतो. स्वेटर गळ्यापासून खाली विणा, म्हणजे मधेच घालून बघता येतो.

गडद लाल, निळं, काळं कापड आधी धुवा आणि आतून पांढरं अस्तर लावा, नाहीतर रंग प्लास्टिकच्या अंगाला लागतो, तो सहजासहजी जात नाही. आणि बाहीत बाहुलीची बोटं अडकत असतील तर तिच्या हाताला प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून मग घाला, सर्रकन जातो.