पुढे येणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना कशी करावी

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 17 वा अध्याय, म्हणजे येशूची प्रार्थना, उघडावा आणि सगळीच्या सगळी 26 वचने एका बैठकीत वाचून काढावीत. पहिल्या 5 वचनांत येशू स्वतःसाठी मागतो, 6 ते 19 मध्ये शिष्यांसाठी आणि 20 पासून त्या शिष्यांच्या साक्षीवरून पुढे विश्वास ठेवणार असलेल्यांसाठी. आपणही हाच क्रम धरावा. पहाटे की रात्री, गुडघे टेकून की बसून, यावर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा चालते. जमेल तसे करावे.

स्वतःसाठीचे मागणे दोन वाक्यांत आटपावे.

अवघड टप्पा 17 ते 19 या वचनांचा आहे. ‘त्यांना पवित्र कर’ एवढे म्हणून बहुतेक जण थेट 20 व्या वचनावर उडी घेतात आणि तसेच करण्याचा सल्लाही देतात. तो ऐकू नये. 19 व्या वचनात येशू म्हणतो की शिष्यांसाठी तो स्वतःलाच समर्पित करतो, आणि मूळ ग्रीकमध्ये 17 व 19 या दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे : देवासाठी वेगळे काढून ठेवणे. पुढच्यांसाठी जे मागायचे, ते आधी मागणाऱ्याला लागू होते.

हे मला फार उशिरा कळले. कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारच्या प्रार्थनासभेत मी तरुण संघाच्या पावित्र्यासाठी कित्येक वर्षे कळकळीने, आणि खरे सांगायचे तर जरा लांबलचक, प्रार्थना करीत असे. त्याच काळात नाताळच्या मांडवाच्या हिशेबावरून एका सहकाऱ्याशी माझा अबोला होता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी मी मुद्दाम पलीकडच्या बाकावर बसत असे. एका बुधवारी 19 वे वचन मोठ्याने वाचताना शब्द घशातच अडकला. घरी येऊन वही काढली, तर 640 रुपयांची पावती मीच दोनदा धरलेली होती. ते त्याच्या दारात जाऊन कबूल करायला मला आणखी तीन आठवडे लागले.

म्हणून या टप्प्यावर काही आठवले, तर प्रार्थना तिथेच थांबवावी आणि आधी ते काम उरकून यावे. मात्र ‘मी पूर्ण पवित्र झाल्यावर मागेन’ असे म्हणणाऱ्याचे मागणे कधीच सुरू होत नाही. आज एकच ठरावीक गोष्ट देवाच्या हवाली करावी. उद्याची उद्या पाहावी.

याच टप्प्यावरची दुसरी चूक वडीलधाऱ्यांची असते : ‘आमच्या मुलांना जगापासून दूर ठेव.’ शिष्यांना जगातून काढून घे असे मी मागत नाही, असे येशू 15 व्या वचनात स्पष्ट सांगतो. जो मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो, त्याला फौंड्रीत राहूनच वाइटापासून राखावे, असे मागावे.

यानंतर 20 वे वचन. इथे ना नाव असते ना चेहरा, त्यामुळे मन भरकटते. मी अशा वेळी आमच्याच गावची एक गोष्ट आठवतो. रॉयल वाइल्डर हे मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. 1863 मध्ये इथेच जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट आणि मुलगी ग्रेस पुढे अमेरिकेत, सेवेसाठी बाहेर पडतील अशा विद्यार्थ्यांकरिता एकत्र प्रार्थना करीत असत. 1886 मध्ये तिथल्याच माउंट हर्मन या गावी भरलेल्या विद्यार्थी मेळाव्यात असे 100 विद्यार्थी पुढे आले. प्रार्थना करताना त्यांतल्या बहुतेकांची नावे या भावंडांना कुठून ठाऊक असणार?

आकडा मात्र मागू नये. येशू 21 व्या वचनात मागतो ती एकता : त्यांनी एक व्हावे, म्हणजे जग विश्वास ठेवील. तेवढेच मागावे. मग वहीत तारीख घालावी, समोर ज्या अबोल्याचे काम निघाले असेल ते लिहावे, आणि खाली नावांसाठी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात.