नवीन डॉक्युमेंटरी बघायचीय? मग आधी तिचा माग काढा

मुंबईत चांगल्या डॉक्युमेंटरी बघायलाच मिळत नाहीत असं बरेच जण म्हणतात. मिळतात हो, फक्त त्या शुक्रवारी पोस्टर लावून येत नाहीत. कुठेतरी एक शो होतो, हॉल अर्धामुर्धा भरतो आणि मग ती फिल्म कितीतरी महिने कुठेच दिसत नाही. म्हणून ओटीटी उघडून "आज काय बघू" करत स्क्रोल करणं सोडा, आधी फिल्मचं नाव हातात घ्या आणि मग ती कुठवर पोचलीय ते शोधा.

नावं मिळायची जागा म्हणजे फेस्टिव्हल्सच्या याद्या. जानेवारीत अमेरिकेत सनडान्स, मार्चच्या आसपास कोपनहेगनचा सीपीएच डॉक्स, एप्रिल-मेमध्ये टोरंटोचा हॉट डॉक्स, नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा इडफा. चौघांच्या साइटवर पूर्ण यादी फुकट वाचता येते, चार ओळींचा सारांश वाचूनच कळतं आपल्याला काय ओढतंय ते. जे आवडेल त्याच्या दिग्दर्शकाचं नाव फोनमध्ये लिहून ठेवा आणि इन्स्टावर फॉलो करून टाका, कारण तीस-चाळीस खुर्च्यांच्या शोची खबर सगळ्यात आधी तिथेच लागते.

उदाहरण देते. सर्वनिक कौर यांची 'अगेन्स्ट द टाइड', 2023 मध्ये सनडान्सला स्पेशल ज्युरी अवॉर्ड मिळालं. गोष्ट आपल्या मुंबईतल्या दोन कोळी मित्रांची, राकेश आणि गणेश. राकेश वाडवडिलांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ छोट्या बोटीवर मासेमारी करतो, गणेश कर्ज काढून खोल समुद्रात जातो आणि मासळी ओढायला एलईडी लाइट लावण्याकडे वळतो, ज्याला 2017 पासून केंद्राची बंदी आहे. तुम्हाला समजावून सांगणारा आवाज मागे नाही की ग्राफ नाहीत, दोघं दोस्त प्यायला बसतात, बोलता बोलता वाद घालतात आणि त्या वादातून समुद्रात मासळी का उरली नाही, कर्ज कसं गळ्याशी येतं आणि त्यात दोस्ती कशी ताणली जाते हे सगळं आपोआप बाहेर येतं. आपण बाजारात पापलेटचा भाव ऐकून हळहळतो, त्या भावामागचं घर इथे दिसतं. मुंबईकराने सुरुवात करायची तर माझ्या मते इथूनच करावी.

दुसरी किंशुक सुर्जन यांची 'मार्चिंग इन द डार्क', 2024 ची. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायका, महाराष्ट्रातल्याच, बोलणं मराठीत. त्या एकत्र बसून पहिल्यांदा मन मोकळं करतात ते प्रसंग सबटायटल न वाचता ऐकायला मिळणं हा आपला हक्कच समजा.

आता मुंबईतली ठिकाणं. सगळ्यात मोठं म्हणजे मिफ (मुंबई इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल, डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्म्सचा), 1990 पासून सुरू, दोन वर्षांनी एकदा, पेडर रोडवरच्या जुन्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. 2024 ला 15 ते 21 जून होता आणि बंगालच्या ज्यूट मिलमधल्या कामगारांवरची निष्ठा जैन यांची 'द गोल्डन थ्रेड' तिथला मोठा पुरस्कार, सुवर्ण शंख, घेऊन गेली. डेलिगेट रजिस्ट्रेशन उघडलं की लगेच करून टाका. ग्रँट रोडला उतरून टॅक्सी केली तर पटकन पोचता, पण जूनचा पाऊस धरून अर्धा तास हातात ठेवाच. शेड्यूल आलं की आधी अशा फिल्म्सवर खूण करा ज्या नंतर कुठेही मिळणार नाहीत, म्हणजे पहिल्यांदाच फिल्म करणाऱ्यांच्या, फिल्म स्कूलच्या, लहान भाषांमधल्या. मोठ्या नावाची फिल्म आज ना उद्या घरी बघता येते. आणि शो संपल्यावर उठून पळू नका, दिग्दर्शक समोर असतो, त्याला सरळ विचारा की पुढचा शो कुठे आहे.

मिफशिवाय 'विकल्प' हे डॉक्युमेंटरीवाल्यांचं व्यासपीठ लक्षात ठेवा. 2004 च्या मिफसाठी भारतीय फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेट मागितलं गेलं, त्याला विरोध म्हणून डॉक्युमेंटरीवाले एकत्र आले आणि त्यातून ते उभं राहिलं. हे ठाऊक असलं की काही फिल्म्स थिएटरला का लागत नाहीत तेही समजतं, सर्टिफिकेट नाही तर थिएटर नाही, मग छोट्या हॉलचे शो एवढाच रस्ता उरतो. काळाघोड्याचं मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्र, आणि 1968 पासूनची आपली फिल्म सोसायटी प्रभात चित्र मंडळ यांच्या कार्यक्रमांवरही नजर असू द्या.

कुठली फिल्म कशावर बघायची हेही ठरवायला लागतं. शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' सुरू होते तेव्हा कॅमेरा दिल्लीतल्या रात्री जमिनीलगत हळूहळू सरकतो आणि अंधारात उंदरांची वळवळ दिसायला लागते, फोनवर तुम्हाला तिथे फक्त काळं दिसेल. 'नॉक्टर्न्स' तर अरुणाचलच्या जंगलातल्या पतंगांवर आहे, उजेड सोडलेल्या कापडावर शेकडो पतंग बसतात आणि त्यांच्या पंखांची फडफड हीच खरी फिल्म, हॉल नाही मिळाला तर निदान चांगले हेडफोन लावा. उलट नेटफ्लिक्सची 'द परफेक्ट नेबर' बहुतेक सगळी पोलिसांच्या बॉडीकॅम फुटेजमधून जोडलेली आहे, ती लॅपटॉपवर बघितली तरी अंगावर येते.

ओटीटीचं एक साधं गणित आहे. जी फिल्म प्लॅटफॉर्मने स्वतः केलीय, जसं 'द एलिफंट व्हिस्परर्स', ती सहसा तिथेच राहते. जी भाड्याने आणलीय ती करार संपला की गायब, म्हणून वॉचलिस्टमध्ये साठवत बसू नका. कुठली फिल्म सध्या भारतात कुठे आहे ते जस्टवॉचवर नाव टाकून कळतं. आणि वेळ कमी असेल तर न्यूयॉर्क टाइम्सच्या ऑप-डॉक्स नावाच्या छोट्या डॉक्युमेंटरी यूट्यूबवर फुकट आहेत, बऱ्याच तर लोकल विरार ते अंधेरी जाईपर्यंत संपतात.

एवढं करूनही फिल्म मिळाली नाही तर दिग्दर्शकाला मेल करा. किती माणसं, कुठला हॉल, प्रोजेक्टर-स्पीकर काय आहे, तिकीट लावणार की नाही, हे पहिल्याच मेलमध्ये लिहा आणि स्क्रीनिंग फी किती हे स्वतःहून विचारा, फुकट मागू नका, कारण या लोकांची वर्षानुवर्षं एकेका फिल्ममध्ये जातात. सर्टिफिकेट आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे हॉलवाल्याला काय सांगायचं ते ठरवता येतं.