कॉर्ड्स बरोबर, तरी चाल अडखळते? या चुका टाळा

सी, ए मायनर, एफ, जी. संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या पियानो रोलवर, म्हणजे सूर मांडायच्या जाळीवर, चारही कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) नीट मांडल्यात, एकही सूर चुकलेला नाही, तरी प्ले केलं की दर बारला (तालाच्या प्रत्येक घराला) धक्का बसतो. अशा वेळी मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: पहिली कॉर्ड कॉपी करून पुढच्या तिन्ही नुसत्या वर-खाली सरकवल्यात का?

सरकवण्यात दोन घोटाळे होतात. एक, सी मेजर तीन सेमीटोन (पियानोच्या लगतच्या पट्ट्या, काळ्या धरून) खाली नेली की ए मेजर मिळते, ए मायनर नव्हे. मधला सी शार्प हाताने सी वर आणावा लागतो. दुसरा जास्त त्रासदायक: तिन्ही सूर एकदम उडी मारतात. गाणारे तिघे असते तर अशा उड्या कुणी मारल्या नसत्या! प्रत्येक सुराला जवळची जागा द्या. सी-ई-जी मधला फक्त जी उचलून ए वर ठेवा, झाली ए मायनर. मग ई ला एफ वर न्या, एफ मेजर तयार. शेवटी बी-डी-जी. खाली बेसला सी, ए, एफ, जी वाजू द्या. शेवटच्या बदलात बेस एफ वरून जी वर चढतो आणि वरचे तिन्ही सूर उतरतात, ते कान देऊन ऐका. मला ही जागा फार आवडते.

आवाज गढूळ वाटतोय? मग कॉर्ड फार खाली बसलीय. मिडी नोट ४८ (सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुराला असतो तो क्रमांक) च्या खाली तीन सूर चिकटून ठेवू नका. तिथे मूळ सूर, फार तर पंचम पुरे. शिकवणी बघून काम करत असाल तर एक तपासा: नोट ६० ला काही सॉफ्टवेअर सी३ म्हणतात, काही सी४. सप्तकाचा फरक इथेच पडतो.

मायनरमध्ये चाल घरी परतल्यासारखी वाटत नसेल, तर स्केल लॉक (निवडलेल्या स्केलबाहेरचे सूर अडवणारी सोय) बंद करून बघा. ए मायनरच्या साध्या स्केलमध्ये जी शार्प नसतो, त्यामुळे ई मेजरऐवजी ई मायनर पडते आणि ए कडे जाणारी ओढ हरवते. तो एक सूर हाताने घाला.

सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी (सूर किती जोरात वाजतो तो आकडा) एकसारखी १०० असेल तर सर्वात वरचा सूर थोडा ठळक करा, मधले दाबा. आधीच्या कॉर्डची शेपटी पुढच्या कॉर्डवर चढली असेल, तर तेवढी कापा.