जेफरसन यांची पत्रे वाचायची कशी

ठाण्यात पुस्तके वाचणाऱ्यांना तोटा नाही. येथील मराठी ग्रंथ संग्रहालयच १८९३ सालचे आहे. अशा वाचकांच्या एखाद्या मंडळाने थॉमस जेफरसन यांचा पत्रव्यवहार वाचायला घेतला, तर पहिली अडचण येते ती पसाऱ्याची. अमेरिकेचे हे तिसरे राष्ट्राध्यक्ष १८०९मध्ये पद सोडून व्हर्जिनियातील माँटिसेलो या आपल्या मळ्यावर परतले, पण टपालाने त्यांची पाठ सोडली नाही. १८२० या एकाच वर्षात आलेली १,२६७ पत्रे त्यांनी मोजली आणि त्याबद्दलची कुरकुर त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना कळवली. म्हणून पहिल्या खंडापासून क्रमाने वाचण्याचा हट्ट धरू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर पत्रे विनामूल्य वाचता येतात. तेथे लेखक, प्राप्तकर्ता आणि तारीख यांनुसार शोध घ्यावा. जेफरसन यांना वाक्याची सुरुवात लहान अक्षराने करण्याची सवय होती, तो छपाईचा दोष समजू नये.

विषयाऐवजी माणूस निवडावा आणि पत्राला आलेले उत्तर त्याच बैठकीत वाचावे. सुट्या अवतरणांवर विसंबल्यास काय होते, हे वृत्तपत्रांविषयीच्या दोन पत्रांवरून दिसते. जानेवारी १७८७मध्ये, फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत असताना, पॅरिसहून एडवर्ड कॅरिंग्टन या व्हर्जिनियातील स्नेह्यांना लिहिताना, वृत्तपत्रांविना सरकार आणि सरकारविना वृत्तपत्रे यांतून निवडायचे झाल्यास आपण दुसरा पर्याय घेऊ, असे ते म्हणतात. जून १८०७मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या कार्यकाळात, वृत्तपत्र कसे चालवावे, असे विचारणाऱ्या जॉन नॉर्व्हेल यांना मात्र ते सुचवतात की संपादकाने अंकाचे सत्य, संभवनीय, शक्य आणि असत्य असे चार भाग पाडावेत. त्यांतला पहिला भाग फारच छोटा होईल, हेही सांगतात. ज्याला जे सोयीचे, ते वाक्य तो उचलतो. वाचकाने दोन्ही पत्रे शेजारी ठेवून मधल्या वीस वर्षांत लिहिणाऱ्याची खुर्ची कशी बदलली, हे आधी पाहावे.

मधल्या काळातला सर्वांत कसदार भाग म्हणजे १८०४मधील, जॉन अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. जेफरसन यांची मुलगी वारली, तेव्हा अ‍ॅबिगेल यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. जेफरसन यांच्या उत्तरात राजकारणाचा विषय निघाला आणि जुलैमध्ये अ‍ॅबिगेल यांनी थेट जाब विचारला, की आपल्या पतीवर चिखलफेक करणाऱ्या जेम्स कॅलेंडर या पत्रकाराला तुम्ही पैसे का दिलेत? ती केवळ गरजूला केलेली मदत होती, असे जेफरसन यांचे म्हणणे. हेच कॅलेंडर १८०२मध्ये जेफरसन यांच्यावर उलटले होते आणि सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीशी असलेला त्यांचा संबंध त्यांनी छापला होता. माझ्या मते या वादात अ‍ॅबिगेल यांची बाजू भक्कम आहे. ही पत्रे दोघा सभासदांनी आळीपाळीने मोठ्याने वाचावीत. उत्तर कोठे टाळले आहे, ते कानाला चटकन कळते.

ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो पाहायला जाणाऱ्या सभासदांकडे निसर्गविषयक पत्रे सोपवावीत. अमेरिकेतील प्राणी युरोपातल्यांपेक्षा खुजे असतात, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांचे मत खोडण्यासाठी जेफरसन यांनी मूस या महाकाय हरणाचा सांगाडा पॅरिसला मागवला. तो ब्यूफाँ यांना पाठवताना, १ ऑक्टोबर १७८७च्या पत्रात, सोबतची शिंगे त्याच प्राण्याची नाहीत, हे त्यांनी आपण होऊन सांगितले आहे. व्हर्जिनियातील गुहेत सापडलेल्या प्रचंड नख्यांविषयीचा १७९७चा त्यांचा निबंधही सोबत घ्यावा: तो प्राणी सिंहाच्या जातीचा असावा, असे त्यांनी मांडले होते, पण पॅराग्वेतील एका सांगाड्याचे चित्र नजरेस पडताच ताजा कलम जोडून त्यांनी शंका नोंदवली. पुढे तो जमिनीवर वावरणारा स्लॉथ (संथ हालचालींचा सस्तन प्राणी) ठरला.

हाडांच्या बाबतीत असा काटेकोर असलेला माणूस कॅलेंडर यांच्या पैशांबाबत इतका सैल का बोलतो, हा प्रश्न चर्चेला ठेवावा आणि त्यानंतरच १८१२पासूनच्या अ‍ॅडम्स-जेफरसन पत्रांकडे वळावे. त्यांतील २१ जानेवारीच्या पत्रात जेफरसन सांगतात, की वृत्तपत्रे सोडून आपण टॅसिटस, थ्युसिडिडीस हे प्राचीन इतिहासकार आणि न्यूटन, युक्लिड यांना जवळ केले आहे. पुढच्या पत्रांत राजकारण किती वेळा डोकावते, ते सभासदांनी समासात टिपत जावे.