डावं-उजवं की उगवत-मावळत? तीन खेळण्यांची चाचणी

‘जरा डावीकडे सरका’ म्हटलं काय आणि ‘जरा पूर्वेला सरका’ म्हटलं काय, माणूस सरकतो तिथेच. पण पहिलं सांगणारा स्वतःच्या अंगावरून दिशा धरतो आणि दुसरा जमिनीवरून. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये होपव्हेलला गुगु यिमिथिर भाषा बोलतात (‘कांगारू’ हा शब्द 1770 साली कॅप्टन कुकच्या मंडळींनी इथूनच उचलला). या भाषेत वस्तूची जागा सांगायला डावं-उजवं चालत नाही, टेबलावरचा कपसुद्धा उत्तरेला नाहीतर दक्षिणेला असतो. या सवयीचा आठवणीवर काय परिणाम होतो, हे तपासायला नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या माक्स प्लांक भाषा-मानसशास्त्र संस्थेत स्टीफन लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात एक साधी चाचणी वापरली. ती घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्येही करता येते.

सामान फार लागत नाही. सारखी दिसणारी दोन टेबलं आणि तीन वेगवेगळे प्राणी, प्रत्येकी 5-6 सेंटीमीटरचे, तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे लगेच कळेल असे. गाय, घोडा, हत्ती चालतील. पोळ्याचे मातीचे बैल दिसायला छान, पण तिन्ही सारखेच असले तर क्रम चुकला का ते कळत नाही. वाट्या-पेले तर नकोतच, त्यांना तोंड नसतं.

टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावा, मध्ये तीनेक मीटर मोकळी जागा ठेवा. पहिल्या टेबलाशी उभं राहिल्यावर तोंड उत्तरेला आणि दुसऱ्याशी दक्षिणेला यायला हवं. दिशा आदल्या दिवशीच होकायंत्रावर बघून ठेवा. लोकांसमोर होकायंत्र काढलंत की खेळ तिथेच संपला.

आता पहिल्या टेबलावर प्राणी आडव्या ओळीत मांडा, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, समजा पश्चिमेला. समोरच्याला म्हणा, ‘नीट बघून ठेवा.’ मग प्राणी उचला, मनात तीसपर्यंत आकडे मोजा, त्याला दुसऱ्या टेबलाशी न्या, प्राणी हातात द्या आणि म्हणा, ‘मघाशी होतं तसंच मांडा.’ याहून एक शब्द जास्त बोलू नका. ‘तसंच म्हणजे कसं?’ असा प्रश्न हमखास येतो. त्यावर ‘तुम्हाला वाटेल तसं’ एवढंच उत्तर द्या.

पहिल्या टेबलाशी पश्चिम डाव्या हाताला होती, दुसऱ्याशी ती उजव्या हाताला आली. प्राण्यांची तोंडं पुन्हा डावीकडे करणाऱ्याने अंग धरलं, उजवीकडे करणाऱ्याने पश्चिम धरली. दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे ‘चुकलं’ असा चेहरा करू नका.

अशा सहा फेऱ्या घ्या. तीनदा तोंडं पश्चिमेला, तीनदा पूर्वेला, तीही उलटसुलट क्रमाने. कारण काही जण काहीही दाखवलं तरी तोंडं उजवीकडेच करतात. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूच्या घेतल्या, तर ही निव्वळ हाताची सवय दिशेचं भान म्हणून नोंदली जाईल. सहापैकी पाच-सहा वेळा दिशा टिकली तर ‘भूमी’ लिहा, शून्य किंवा एकदा टिकली तर ‘अंग’, मधलं सगळं ‘मिश्र’. प्राण्यांचा क्रम वेगळ्या रकान्यात. तो सारखा चुकत असेल तर त्या माणसाचा निकाल बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा खिडकी करते. एकाच भिंतीला उजेड असला की माणूस ‘खिडकीकडे तोंड’ असं लक्षात ठेवतो आणि आपण दिशा टिकली म्हणून खूण करतो. याच मुद्द्यावर पेगी ली आणि लिला ग्लाइटमन या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली आक्षेप घेतला: भोवतालच्या खुणा दिसू लागल्या की इंग्रजी बोलणारे विद्यार्थीही मांडणी बदलतात. लेव्हिन्सन यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं, वाद मात्र मिटला नाही. तेव्हा पडदे ओढा. शिवाय दोन फेऱ्या 90 अंशात घ्या, म्हणजे दुसरं टेबल पूर्वेच्या भिंतीला. अंग धरणारा ओळ पुन्हा आडवीच लावतो. पश्चिम धरणारा ती उभी लावतो आणि तिन्ही प्राण्यांची तोंडं स्वतःच्या छातीकडे करतो. हे एकदा बघितलं की दोन पद्धतींत गल्लत होत नाही.

बोलण्याची चाचणी शेवटी घ्या. आधी घेतली तर तेच शब्द मांडणीत उतरतात. ताटाशेजारी चमचा ठेवा आणि ‘चमचा कुठे आहे?’ विचारा. उत्तरातले शब्द जसेच्या तसे टिपा: उगवतीला, मावळतीला, वरच्या अंगाला. कोकणात कुणी ‘वर’ म्हणून डोंगराची बाजू सांगितली, तर तेही भूमीतच धरा. मेक्सिकोत तेनेहापाच्या त्सेल्ताल भाषेत ‘चढाकडे’ म्हणजे दक्षिण, आणि तो शब्द सपाट टेबलावरही चालतो. मराठीत गंमत अशी की दोन्ही पद्धती एकाच शब्दात बसलेल्या सापडतात. उगवतीला तोंड करून उभे राहा: ‘पूर्व’ म्हणजे पुढचं, ‘पश्चिम’ म्हणजे मागचं आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो तो याच अर्थाने.

माणसं निवडताना सगळ्यांना ‘मराठी’ म्हणून एका गठ्ठ्यात टाकू नका. तमिळमध्ये भाषाशास्त्रज्ञ एरिक पेडरसन यांना एकाच भाषेत दोन सवयी दिसल्या, खेड्यात दिशा आणि शहरात डावं-उजवं. वाराणसीत रमेश मिश्र आणि पिएर दासेन या मानसशास्त्रज्ञांना संस्कृत पाठशाळेतली मुलं हिंदी शाळेतल्या मुलांपेक्षा दिशेवर जास्त भर देताना आढळली. म्हणून वय, शाळा, गाव की शहर आणि घरचं काम काय, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. खेड्यातले दहा आणि शहरातले दहा यांहून कमी माणसं घेऊ नका, आणि दोन्हीकडे खोली शक्यतो सारखी ठेवा. खेड्यातल्यांना अंगणात आणि शहरातल्यांना बंद खोलीत बसवलंत, तर फरक माणसांचा की जागेचा, हे सांगता येणार नाही.