रशियन सामोवारमध्ये चहा कसा करावा

सामोवारमध्ये चहा उकळत नाहीत; त्यात केवळ पाणी उकळतात. (काश्मिरी सामोवारमध्ये मात्र चहाच शिजतो, त्यामुळे आपल्याकडे हा गोंधळ होतो.) त्याची रचना आपल्या पाणी तापवण्याच्या बंबासारखी असते: मध्यभागी निखाऱ्यांचे उभे नळकांडे, त्याभोवती पाणी आणि खाली तोटी. मॉस्कोच्या दक्षिणेकडील तुला हे मूळचे शस्त्रे घडवणाऱ्या कारागिरांचे शहर. तेथे लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये सामोवार घडवण्यास सुरुवात केली आणि एकोणिसाव्या शतकात हे शहर या धंद्याचे केंद्र बनले. तुलाला जाताना स्वतःचा सामोवार नेऊ नये, अशी रशियन म्हणच आहे.

सामोवार नेहमी उघड्यावर, सपाट दगडावर किंवा फरशीवर पेटवावा, कारण बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साचतो. आधी पाणी भरावे आणि मगच विस्तव घालावा. हा क्रम उलटला किंवा निखारे धगधगत असताना पाणी संपले, तर नळकांड्याचा डाख वितळून भांडे कायमचे गळू लागते. नळकांड्यात सुक्या ढलप्या पेटवून वरून लाकडी कोळसा किंवा पाइनची वाळलेली बोंडे टाकावीत आणि धूर वर ओढला जावा म्हणून जोडधुराडे बसवावे. पाणी आधी गुणगुणते, मग घोंघावते आणि शेवटी खळखळते.

दरम्यान लहान किटलीत चार-पाच चमचे काळ्या चहाची पाने घालून त्यांवर उकळते पाणी ओतावे. धूर थांबल्यावर धुराडे काढून ही किटली सामोवारच्या माथ्यावरील कड्यावर दहा मिनिटे ठेवावी. या कडक अर्काला ‘झावार्का’ म्हणतात. प्रत्येकाने पेल्यात थोडा अर्क घेऊन तोटीचे गरम पाणी आपल्या चवीनुसार मिसळावे. आपली बारीक चहा पावडर येथे निरुपयोगी ठरते. अर्क गढूळ आणि तुरट होतो. दूध सहसा घालत नाहीत. लिंबाची चकती किंवा फळांचा मुरांबा सोबत घेतात, अथवा साखरेचा खडा दातांत धरून चहाचे घुटके घेतात.

विस्तव पूर्ण विझल्यावर राख काढावी, उरलेले पाणी ओतून द्यावे आणि आतील भाग कोरडा करावा. क्षार साचल्यास लिंबूसत्त्वाचे पाणी उकळावे. जुना सामोवार विकत घेताना आतील कल्हई शाबूत आहे का, हे पाहावे आणि थंड पाणी भरून तो गळत नाही याची खात्री करावी. कल्हई उडालेला सामोवार पुन्हा कल्हई केल्याशिवाय चहासाठी वापरू नये.