यकृत आणि पित्ताशयाच्या आजारात पथ्य कसे ठरवावे

लिव्हरचा आजार निघाला की घरातले लगेच तेल, दूध, अंडी बंद करतात आणि रुग्णाच्या ताटात बेचव उकडलेले अन्न येते. काही रुग्णांना हे पथ्य आजाराइतकेच महागात पडते.

१. आधी निदान नीट समजून घ्या. फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणे), सिरॉसिस (यकृत कायमचे घट्ट, व्रणांनी भरलेले होणे) आणि पित्ताशयातले खडे या तिन्हींचे जेवण वेगवेगळे असते. यकृताच्या आजारात दारू मात्र पूर्ण बंद, सणासुदीपुरतीही नाही. ‘लिव्हर साफ करणारी’ वनौषधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. अशा काही औषधांनी यकृतालाच इजा होते.

२. फॅटी लिव्हर असेल तर वजन उतरवा, पण बेताने. वजन ५ टक्के उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते. सूज उतरायला साधारण ७ ते १० टक्के लागतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो. सुरुवात गोड पेये आणि फळांचे रस बंद करण्यापासून करा. आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरले तरी पुरे. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांच्या पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. बिनसाखरेची कॉफी चालते.

३. सिरॉसिस असेल तर उपाशी राहू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. निरोगी यकृत रात्रीपुरती साखर साठवून ठेवते. सिरॉसिसमध्ये हा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे एका रात्रीच्या उपवासात शरीर स्नायू झिजवू लागते. म्हणून जागेपणी दर तीन-चार तासांनी काहीतरी खावे आणि झोपण्यापूर्वी सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असा छोटा आहार घ्यावा. उदाहरणार्थ, दुधातले ओट्स आणि एक केळे.

प्रथिने रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पोटात पाणी झाले असेल तर हिशेब पाण्याचे वजन वगळून करावा, तो आहारतज्ज्ञांकडून करून घेतलेला बरा. पूर्वी मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण बरळू लागला की प्रथिने तोडत. आता तसे करत नाहीत. दूध आणि कडधान्यांतली प्रथिने अशा रुग्णांना जास्त मानवतात. मात्र बरळणे सुरू झाले तर डॉक्टरांना लगेच कळवा.

मीठ कमी करायचे ते पोटात किंवा पायात पाणी साठले असेल तेव्हा: दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. पाव, चीज, सॉस, पाकीटबंद सूप यांतले मीठही त्यातच धरा. ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन (साठलेले पाणी उतरवणारी गोळी) चालू असताना ते धोक्याचे ठरू शकते. जेवण इतके अळणी झाले की रुग्ण जेवेनासाच झाला, तर डॉक्टरांशी बोलून मीठ थोडे वाढवलेले परवडते. कच्चे शिंपले कधीच नकोत.

४. पित्ताशयात खडे असतील तर चरबी वाटून खा. आतड्यात चरबी पोचली की पित्ताशय आकुंचन पावते आणि खडा तोंडाशी अडकला तर कळ येते. म्हणून एका बैठकीत तळलेले, साययुक्त भरपूर खाणे टाळा. चरबी अजिबात बंद केली तर पित्त साचून राहते, तेही बरे नाही. पथ्याने खडे विरघळत नाहीत. तेल-लिंबाच्या रसाने ‘बाहेर पडलेले’ हिरवे गोळे म्हणजे बहुतेक वेळा त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो.

पित्ताशय काढल्यावर पित्त आतड्यात सतत झिरपत राहते. काहींना सुरुवातीला जुलाब होतात. थोडे थोडे जेवा, ओट्स किंवा सफरचंद खाऊन पाहा. पुष्कळजण काही आठवड्यांत नेहमीच्या जेवणावर येतात.

५. पथ्य बाजूला ठेवून दवाखाना कधी गाठावा? उजव्या बरगडीखालची कळ काही तास थांबली नाही, ताप-थंडी आली, डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर निघा. जाताना रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. तातडीने शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करावी लागू शकते.